अमेरिकेचा प्राप्तिकर : २०२५ च्या विवरणपत्राला कोणते आकडे धरायचे आणि २०२६ ला कोणते?

एडिसनकर (फेब्रुवारी २०२६)

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. दर वर्षी विवरणपत्राची तयारी सुरू केली की नियमांत काय बदलले ते आधी शोधावे लागते. यंदा मात्र शोधून गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला आहे. पती-पत्नींच्या संयुक्त विवरणपत्रासाठी ‘नवे’ स्टँडर्ड डिडक्शन (खर्चांचा तपशील न देता उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) म्हणून मला तीन वेगवेगळे आकडे मिळाले : ३०,०००, ३१,५०० आणि ३२,२०० डॉलर. तिन्ही ठिकाणची माहिती विश्वासार्ह वाटते, आणि तिन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असणे शक्य नाही असेही वाटते.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. यजमानांचा पगार १ लाख ३० हजार डॉलर आहे. माझी स्वतःची सॉफ्टवेअरची लहान कंपनी असून ती करापुरती एस कॉर्पोरेशन आहे, म्हणजे तिचा नफा माझ्या वैयक्तिक विवरणपत्रात येतो. तिच्याकडून मी ७० हजार डॉलर पगार घेते आणि सगळा खर्च वजा जाता नफा सुमारे ४० हजार उरतो. या खर्चात पुण्याच्या एका गटाला मार्च २०२५ पासून दिलेले ६० हजार डॉलर आहेत. घराचा प्रॉपर्टी टॅक्स १४ हजार, राज्याचा प्राप्तिकर १३ हजार, गृहकर्जाचे व्याज ११ हजार आणि देणग्या अडीच हजार, असा घरचा खर्च आहे. मुलीला ऑक्टोबरमध्ये सतरावे वर्ष पूर्ण झाले, मुलगा अकरा वर्षांचा आहे. सासूबाई ६९ वर्षांच्या असून आमच्यावरच अवलंबून आहेत, त्यांचे वेगळे उत्पन्न नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही एका नव्या इलेक्ट्रिक गाडीचा लेखी करार करून आगाऊ रक्कम भरली, पण गाडी ताब्यात आली नोव्हेंबरमध्ये. तिचे क्रेडिट (थेट करातून कमी होणारी रक्कम) मिळेल की गेले? गाडीच्या कर्जावरचे व्याज वजा करता येते असे ऐकले, ते आम्हाला लागू आहे का? सासूबाईंसाठी ज्येष्ठांची ६,००० डॉलरची वजावट घेता येईल का? आणि कंपनीच्या बाबतीत यंदा असे काय बदलले आहे, जे माझ्या नजरेतून सुटू शकेल?

लेखाधिकारी

एडिसनकर, तुम्हाला मिळालेले तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ३०,००० हा आकडा आयआरएसने (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याने) ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२५ या करवर्षासाठी जाहीर केला होता. त्यानंतर ४ जुलै २०२५ रोजी ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला (सार्वजनिक कायदा ११९-२१) आणि त्याने चालू वर्षाचाच आकडा पूर्वलक्षी प्रभावाने ३१,५०० केला. ३२,२०० हा २०२६ चा आकडा आहे; तो गेल्या ऑक्टोबरात जाहीर झाला आणि तुम्ही २०२७ मध्ये भराल त्या विवरणपत्राला लागू होईल. त्यामुळे आत्ता तुमच्यासाठी ३१,५०० हाच आकडा आहे. एकट्या करदात्यासाठी हेच आकडे अनुक्रमे १५,०००, १५,७५० आणि १६,१०० असे आहेत.

माझे अनेक वर्षांचे मत असे आहे की ‘यंदा काय बदलले’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणताही आकडा समोर आला की तो कोणत्या करवर्षाचा आहे, तो महागाईप्रमाणे आपोआप सरकणारा आहे की कायद्याने बसवलेला, आणि कायद्याने बसवलेला असेल तर त्याची मुदत कधी संपते, हे त्याच्याशेजारी लिहून ठेवावे. बहुतेक गल्लत इथेच होते.

आपोआप सरकणाऱ्या आकड्यांचे एक ठरलेले वेळापत्रक आहे. कराचे टप्पे आणि स्टँडर्ड डिडक्शन महागाईशी जोडण्याची तरतूद १९८१ च्या कायद्याने केली आणि ती १९८५ पासून अमलात आली. २०१७ च्या कायद्याने त्यासाठी साखळी पद्धतीचा, म्हणजे थोडा सावकाश वाढणारा, ग्राहक निर्देशांक ठरवला. ऑगस्टअखेरच्या बारा महिन्यांची सरासरी हाती आली की शरद ऋतूत आयआरएस पुढच्या वर्षाचे टप्पे जाहीर करते. सोशल सिक्युरिटी करासाठीची पगाराची कमाल मर्यादा मात्र सोशल सिक्युरिटी प्रशासन ठरवते आणि तीही महागाईवर नव्हे तर सरासरी वेतनावर. ती २०२५ मध्ये १,७६,१०० होती, २०२६ मध्ये १,८४,५०० आहे. ४०१-के या निवृत्ती-बचत खात्याची मर्यादा साधारण नोव्हेंबरात कळते (२३,५०० वरून २४,५००), कामानिमित्तच्या गाडीचा प्रतिमैल दर डिसेंबरात (७० सेंटवरून साडेबहात्तर सेंट), आणि एचएसए या आरोग्यखर्चाच्या बचत खात्याची मर्यादा त्याच्या बरीच आधी, मे महिन्यात (कुटुंबासाठी ८,५५० वरून ८,७५०).

याहून महत्त्वाचे मला ते आकडे वाटतात जे कधीच सरकत नाहीत. गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा ३.८ टक्के जादा कर २०१३ मध्ये सुरू झाला तेव्हा संयुक्त विवरणपत्राची मर्यादा अडीच लाख होती, आजही तेवढीच आहे. शेअरमधला तोटा पगारासारख्या उत्पन्नातून वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतच वजा होतो, ही मर्यादा १९७८ पासून तशीच आहे. राहते घर विकल्यावर पाच लाखांपर्यंतचा नफा करमुक्त राहतो, हा आकडा १९९७ चा आहे. या मर्यादा कागदावर बदलत नाहीत, त्यामुळे त्यांची बातमी होत नाही. पण पगार आणि किमती वाढत गेल्या की दर वर्षी अधिक कुटुंबे त्यांच्या कक्षेत येतात.

आता तुमचे प्रश्न. सर्वांत मोठा फरक राज्य व स्थानिक करांच्या वजावटीत आहे. २०२४ पर्यंत ही वजावट १०,००० वर अडवलेली होती, त्यामुळे तुमच्यासारख्यांच्या तपशीलवार वजावटींची बेरीज दहा हजार कर, अकरा हजार व्याज आणि अडीच हजार देणग्या अशी २३,५०० भरली असती आणि त्या वर्षीचे २९,२०० डॉलरचे स्टँडर्ड डिडक्शन घेणेच शहाणपणाचे ठरले असते. २०२५ साठी मर्यादा ४०,००० झाली असल्याने तुमचे १४ आणि १३ मिळून २७ हजार पूर्ण धरले जातात आणि बेरीज ४०,५०० होते. म्हणजे ३१,५०० पेक्षा ९,००० जास्त, आणि तुम्ही सांगितलेल्या उत्पन्नावर २२ टक्के दराने सुमारे १,९८० डॉलर कर वाचतो. गेली काही वर्षे सवयीने स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्या प्रत्येक घरमालकाने यंदा ही बेरीज पुन्हा करावी, असे मी कळकळीने सांगेन. २०२६ ची मर्यादा ४०,४०० आहे, २०२९ पर्यंत ती दर वर्षी एक टक्क्याने वाढेल आणि २०३० मध्ये पुन्हा १०,००० होईल. पाच लाखांच्या वर उत्पन्न गेले की ती घटू लागते. तुम्हाला ती अडचण नाही.

देणग्यांच्या बाबतीत २०२६ पासून वेगळा नियम आहे. तपशीलवार वजावटी घेणाऱ्यांना उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतकी पहिली रक्कम सोडून द्यावी लागेल. तुमच्या एकूण २ लाख ४० हजारांच्या उत्पन्नावर ती १,२०० होते, म्हणजे तुमच्या अडीच हजारांपैकी १,३०० च धरले जातील. उलट स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्या जोडप्यांना २०२६ पासून २,००० डॉलरपर्यंतच्या रोख देणग्या वेगळ्या वजा करता येतील.

मुलगा अकरा वर्षांचा, म्हणून त्याचे २,२०० डॉलरचे क्रेडिट मिळेल. मुलीला वर्षअखेरीपूर्वी सतरा पूर्ण झाली असल्याने तिच्यासाठी ५०० डॉलरचेच क्रेडिट उरते. सासूबाईंबद्दल वाईट वाटते, पण ज्येष्ठांची ६,००० ची वजावट फक्त विवरणपत्र भरणारे पती-पत्नी स्वतः ६५ किंवा त्याहून मोठे असतील तर मिळते. अवलंबून असलेल्या आई-वडिलांसाठी ती नाही. त्या अमेरिकेच्या करापुरत्या रहिवासी असतील आणि अवलंबितांच्या बाकी अटी पूर्ण होत असतील, तर त्यांच्यासाठीही ५०० चे क्रेडिट आहे, आणि नव्या कायद्याने ते कायम केले आहे.

गाडीचे उत्तर दोन तऱ्हेचे आहे. इलेक्ट्रिक गाडीचे क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी बंद झाले, पण त्या तारखेपर्यंत बंधनकारक लेखी करार झाला असेल आणि काही रक्कम भरली असेल, तर गाडी नंतर ताब्यात आली तरी ती वेळेत घेतली असे आयआरएस मानते. करार, पावती आणि विक्रेत्याने आयआरएसकडे पाठवलेल्या अहवालाची प्रत जपून ठेवा. उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे आणि चालू व मागील वर्षांपैकी कमी उत्पन्नाचे वर्ष धरता येते. क्रेडिट गाडीच्या मॉडेलप्रमाणे ठरते, जास्तीत जास्त ७,५००.

कर्जाच्या व्याजाची वजावट मात्र तुम्हाला मिळणार नाही. कमाल दहा हजार या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक हजारामागे २०० डॉलर कमी होतात, आणि ते दहा हजारांतून नव्हे तर तुमच्या प्रत्यक्ष व्याजातून. २ लाख ४० हजारांवर ही कपात ८,००० होते. वर्षाचे व्याज १,९०० असेल तर त्यातले काहीच उरत नाही. इतक्या व्याजाची वजावट उत्पन्न २ लाख १० हजारांवर पोचेपर्यंतच संपलेली असते.

सॅनहोजेकर

घरच्या बाजूचे उत्तर लेखाधिकाऱ्यांनी सविस्तर दिले आहे. कंपनीच्या बाजूने मला एकाच गोष्टीची खरी काळजी वाटते, ती म्हणजे पुण्याला दिलेले ६० हजार डॉलर.

२०१७ च्या कायद्यातल्या एका तरतुदीमुळे २०२२ पासून संशोधन आणि विकासाचा खर्च त्याच वर्षी वजा करणे बंद झाले, आणि सॉफ्टवेअर बनवण्याचा खर्चही त्याच व्याख्येत येतो. अमेरिकेत झालेल्या कामाचा खर्च पाच वर्षांत आणि अमेरिकेबाहेर झालेल्या कामाचा पंधरा वर्षांत विभागून घ्यावा लागत असे. नव्या कायद्याने २०२५ पासून देशातल्या कामाचा खर्च पुन्हा त्याच वर्षी वजा करू दिला आहे, आणि ‘संशोधन खर्चाची अडचण सुटली’ अशी जी बातमी तुम्ही वाचली असेल ती याच अर्ध्या भागाची आहे. परदेशातल्या कामाचा पंधरा वर्षांचा नियम जसाच्या तसा आहे. आपल्या लोकांच्या कितीतरी लहान कंपन्यांचे काम भारतातल्या गटांवर चालते, म्हणून हे मोठ्याने सांगण्याची गरज आहे.

हिशेब असा होतो. ६० हजार भागिले पंधरा म्हणजे वर्षाला ४,०००. पहिल्या वर्षी वर्षाच्या मध्यापासून मोजायचे असल्याने २,००० च वजा होतात. उरलेले ५८,००० तुमच्या ४० हजारांच्या नफ्यात मिळवायचे. म्हणजे हातात न आलेल्या पैशांवर कर द्यायचा. एस कॉर्पोरेशनचा नफा तुमच्या वैयक्तिक विवरणपत्रात येतो, म्हणून घरचे उत्पन्न २ लाख ४० हजारांऐवजी २ लाख ९८ हजार होते. वाढीव नफ्यावर २० टक्क्यांची व्यवसाय-उत्पन्नाची वजावट मिळाल्यावरही ४६,४०० डॉलर करपात्र वाढतात. त्यांतले १५,२०० हे २२ टक्क्यांच्या टप्प्यात बसतात आणि बाकीचे ३१,२०० हे २४ टक्क्यांच्या. केंद्राचा कर सुमारे १०,८०० डॉलरनी वाढतो.

दोन गोष्टी तपासून पाहा. पहिली म्हणजे करार. बनणारे सॉफ्टवेअर तुमच्या ग्राहकाच्या मालकीचे असेल, ते चालले नाही तर जोखीमही ग्राहकाचीच असेल आणि तुमच्याकडे त्याचा वापर करण्याचा काही हक्क राहत नसेल, तर तो तुमचा संशोधन खर्च ठरत नाही आणि नेहमीच्या खर्चासारखा वजा होतो. दुसरी म्हणजे कामाचे स्वरूप. ग्राहकांना मदत करणे, प्रशिक्षण देणे, माहिती भरणे किंवा नवी भर न घालता चालू प्रणालीची नुसती देखभाल करणे, हा विकास नव्हे. पुण्याच्या बिलात हे सगळे एका ओळीत आले असेल, तर ते वेगळे करून घ्या.

यंदाच्या बाकीच्या बदलांपैकी २० टक्क्यांची व्यवसाय-उत्पन्नाची वजावट २०२५ अखेर संपणार होती, ती कायम झाली. १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या यंत्रसामग्रीवर शंभर टक्के घसारा एकदम मिळतो, त्याआधी करार केलेल्या वस्तूवर ४० टक्केच. पण तुमच्यासारख्या कंपनीत प्रत्येकी अडीच हजारांपर्यंतच्या वस्तू तशाही थेट खर्चात टाकता येतात, म्हणून त्यात फार वेळ घालवू नका. स्वतंत्र काम करणाऱ्यांना द्यायच्या १०९९-एनईसी या फॉर्मची मर्यादा ६०० वरून २,००० झाली आहे, परंतु ती २०२६ मध्ये दिलेल्या पैशांसाठी. २०२५ च्या पैशांना जुनी ६०० चीच मर्यादा आहे. भारतात बसून काम करणाऱ्याला हा फॉर्म द्यायचा नसतो, त्याच्याकडून डब्ल्यू-८ प्रकारचा (आपण परदेशी असल्याचा) फॉर्म घेऊन ठेवायचा असतो.

आणि तारीख विसरू नका. एस कॉर्पोरेशनचे विवरणपत्र घरच्या विवरणपत्राच्या महिनाभर आधी असते. १५ मार्चला रविवार असल्याने यंदा १६ मार्च. उशीर झाला तर कर देणे लागत नसतानाही दर भागधारकामागे दरमहा दंड बसतो.

एडिसनकर

दोघांचेही मनापासून आभार. पुण्याचा मुद्दा मला ठाऊकच नव्हता. सॉफ्टवेअर आमच्याच मालकीचे आहे, आम्ही ते वर्गणीवर विकतो, त्यामुळे पहिल्या वाटेने सुटका नाही. मात्र बिले काढून पाहिली तेव्हा दिसले की ६० हजारांपैकी १५ हजार ग्राहकांना फोनवर मदत करणाऱ्या दोघांचे आहेत आणि त्यांच्या कामाच्या तासांची नोंद वेगळी आहे. बाकीचे ४५ हजार सरळ सरळ विकासाचे आहेत.

यामुळे दुसरी चिंता उभी राहिली. २०२४ मध्ये आमचे उत्पन्न २ लाख १० हजार होते आणि एकूण कर २६ हजार झाला होता. २०२५ मध्ये दोघांच्या पगारातून मिळून २९,५०० कापले गेले आहेत. आता कर एवढा वाढणार असेल तर कमी कर कापल्याबद्दल दंड लागेल का?

सॅनहोजेकर

नोंद वेगळी असेल तर ते १५ हजार यंदाच पूर्ण वजा करा आणि त्या नोंदी बिलासोबत जपून ठेवा. मग विकासाच्या ४५ हजारांपैकी पहिल्या वर्षी १,५०० वजा होतात आणि नफ्यात ४३,५०० मिळवावे लागतात. वीस टक्क्यांची वजावट जाऊन करपात्र वाढ ३४,८०० राहते आणि त्यावरचा जादा कर सुमारे ८,०५० होतो. म्हणजे केवळ बिल नीट फोडल्याने जवळजवळ २,८०० डॉलर वाचतात. २०२६ पासून पुण्याच्या गटाकडून दोन वेगळी बिले मागवा.

एक कठोर नियम आधीच सांगून ठेवतो. उद्या तो प्रकल्प सोडून दिला, तरी उरलेला खर्च एकदम वजा करता येत नाही, पंधरा वर्षे चालूच राहतो. हे माहीत असेल तर काम कुठे आणि कोणाकडून करून घ्यायचे याचा विचार करताना नुसता ताशी दर बघून भागत नाही. देशातल्या माणसाला दिलेले पैसे त्याच वर्षी पूर्ण वजा होतात, हा फरक मोठा आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या लहान कंपनीने २०२२ ते २०२४ मध्ये अमेरिकेतल्याच कामाचा खर्च पाच वर्षांत विभागला असेल, तर सरासरी वार्षिक उलाढाल ३ कोटी १० लाख डॉलरपर्यंत असलेल्यांना जुनी विवरणपत्रे दुरुस्त करून तो खर्च त्या त्या वर्षी घेता येतो. त्याची मुदत जुलै २०२६ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहे; पण २०२२ च्या परताव्याची नेहमीची तीन वर्षांची मुदत त्याआधी संपत असेल तर ती आधीची तारीख पाळावी लागते, आणि अनेकांसाठी ती याच एप्रिलमध्ये आहे. दुरुस्ती नको असेल तर शिल्लक खर्च २०२५ मध्ये एकदम किंवा २०२५ आणि २०२६ असा दोन वर्षांत घेता येतो.

ह्यूस्टनकर

चर्चा पगारदार आणि व्यावसायिक कुटुंबाची चालली आहे, पण तासावर काम करणाऱ्यांचाही एक प्रश्न इथे मांडावासा वाटतो. माझी बहीण गोदामात काम करते आणि तिला गेल्या वर्षी ओव्हरटाइमचे एकूण ९,००० डॉलर मिळाले. ‘ओव्हरटाइमवर कर नाही’ असे तिला सगळ्यांनी सांगितले आहे. ते नऊ हजार पूर्ण वजा होतील का?

शिवाय आमच्या शेजाऱ्यांनी छतावरच्या सौरपट्ट्यांचे सगळे पैसे डिसेंबरमध्ये भरले, पण बसवण्याचे काम जानेवारीत पुरे झाले. त्यांना ३० टक्क्यांचे क्रेडिट मिळावे असे मला वाटते, कारण पैसे तर वेळेत दिले होते.

लेखाधिकारी

ह्यूस्टनकर, बहिणीला दीडपट दराने पैसे मिळत असतील तर वजावट फक्त वरच्या ‘अर्ध्या’ भागाची आहे. नऊ हजारांतला नेहमीच्या दराचा भाग सहा हजार आणि जादा भाग तीन हजार, म्हणून तीन हजार वजा होतील. तेही केंद्रीय श्रम कायद्याने सक्तीचा असलेला ओव्हरटाइम असेल तरच, आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा कर संपूर्ण नऊ हजारांवर लागतोच. २०२५ च्या पगारातली करकपात या नव्या वजावटींप्रमाणे बदललेली नव्हती, त्यामुळे तिला हा फायदा परताव्यातच दिसेल. या वजावटी यंदा शेड्यूल १-ए या नव्या तक्त्यात दाखवायच्या आहेत. टिप, ओव्हरटाइम, गाडीचे व्याज आणि ज्येष्ठ या चारही वजावटी २०२८ नंतर संपतात.

शेजाऱ्यांच्या सौरपट्ट्यांबाबत उत्तर प्रतिकूल आहे. या क्रेडिटसाठी खर्च केल्याची तारीख म्हणजे पैसे भरल्याची नव्हे, तर बसवण्याचे काम पूर्ण झाल्याची तारीख धरली जाते, आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला ते बंद झाले. एकाच कायद्याने गाडीसाठी करार आणि पहिली रक्कम निर्णायक ठरली, तर घराच्या छतासाठी काम पुरे होणे. म्हणून तारखेचा नियम प्रत्येक क्रेडिटपुरता वेगळा वाचावा लागतो.

एडिसनकर, तुमच्या दंडाच्या चिंतेवर उत्तर चांगले आहे. चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के किंवा मागील वर्षाच्या कराच्या १०० टक्के रक्कम वेळेत भरलेली असेल तर दंड नसतो; मागील वर्षाचे उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर १०० ऐवजी ११० टक्के. तुमचे २६ हजारांचे ११० टक्के २८,६०० होतात आणि २९,५०० कापले गेले आहेत, म्हणजे तुम्ही सुरक्षित आहात. पगारातली कपात वर्षभर समान झाली असे मानले जाते, हाही तुमच्या बाजूचा मुद्दा. सॅनहोजेकरांचे आकडे घेतले तर उत्पन्न २ लाख ८३ हजार ५०० होते आणि मुलगा, मुलगी यांची क्रेडिटे धरून कर ३७,३०० च्या आसपास येतो. सासूबाईंचे ५०० बसले तर तेवढे आणखी कमी. गाडीचे पूर्ण ७,५०० मिळाले तर तुमची देणी जवळपास फिटलेली आहेत. मिळाले नाहीत तर साताठ हजार १५ एप्रिलपर्यंत भरावे लागतील. मुदतवाढीचा ४८६८ फॉर्म भरला तरी ती विवरणपत्रासाठी असते, पैशांसाठी नसते.

यातून एक नवी गोष्टही निघते. तुमचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेल्याने त्या न सरकणाऱ्या मर्यादेच्या पलीकडे तुम्ही गेला आहात. कंपनीत तुम्ही स्वतः काम करता म्हणून तिच्या नफ्यावर ३.८ टक्के लागत नाहीत, पण बँकेचे व्याज, लाभांश आणि शेअरचा नफा यांवर लागू शकतात. ते आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून माझ्या हिशेबात नाहीत.

ओहायोतला विद्यार्थी

मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर दुसऱ्या वर्षाला आहे आणि विद्यापीठात अर्धवेळ काम करतो. अनिवासी व्यक्तीला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही असे आमच्या वर्गातल्या इतर देशांच्या मुलांना सांगण्यात आले आहे. मग ३१,५०० आणि १५,७५० ची ही चर्चा आम्हाला गैरलागू समजावी का?

लेखाधिकारी

तुमच्या वर्गमित्रांना सांगितलेले त्यांच्यापुरते बरोबर आहे, पण भारतीय विद्यार्थी याला अपवाद आहेत. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ च्या दुसऱ्या परिच्छेदामुळे त्यांना १०४०-एनआर हे अनिवासींचे विवरणपत्र भरतानाही स्टँडर्ड डिडक्शन घेता येते, त्यामुळे २०२५ साठी तुमचा आकडा १५,७५० आहे. फॉर्मवर कराराचा उल्लेख करायला विसरू नका. विवरणपत्र भरण्याच्या काही संगणक-प्रणाली हा पर्याय आपण विचारल्याशिवाय दाखवत नाहीत.

एडिसनकर

शेवटचे दोन प्रश्न विचारून थांबते. राज्याचा कर कंपनीमार्फत भरण्याची न्यू जर्सीची जी पर्यायी सोय आहे, ती आता घ्यावी का? आणि जानेवारीपासून भारतात पाठवलेल्या पैशांवर एक टक्का कर लागतो का?

सॅनहोजेकर

कंपनीमार्फत राज्याचा कर भरून तो केंद्राच्या हिशेबात खर्च म्हणून दाखवण्याची वाट नव्या कायद्याने बंद केलेली नाही. १०,००० ची मर्यादा असताना तिची तुम्हाला निकड होती. आता तुमचे २७ हजार ४०,००० च्या आत बसतात, त्यामुळे फायदा फारसा उरत नाही आणि कागदपत्रे मात्र वाढतात. प्रॉपर्टी टॅक्स वाढला किंवा नफा दुप्पट झाला तर पुन्हा हिशेब करा, आणि २०३० च्या आधी तर करायचाच आहे. केंद्राचे बदल राज्याला आपोआप लागू होत नाहीत हेही ध्यानात असू द्या : न्यू जर्सीच्या विवरणपत्राला स्वतःचे नियम आहेत, आणि आमच्या कॅलिफोर्नियात तर शंभर टक्के घसारा मानतच नाहीत.

पैसे पाठवण्यावरचा एक टक्का हा प्राप्तिकर नव्हे, वेगळा कर आहे. १ जानेवारी २०२६ पासून तो रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पाठवलेल्या पैशांवर लागतो. अमेरिकेतल्या बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलेल्या पैशांवर लागत नाही, त्यामुळे घरी पैसे पाठवण्याची तुमची पद्धत बँकेचीच असेल तर तुम्हाला काही करायचे नाही.